पेजेवरचा माणूस

रावजी पडला तो बायकोला मारायला धावताना. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वाडीत नंतर त्याच्या नाना कथा झाल्या. कुणी म्हणालं चक्कर आली, कुणी म्हणालं बैलाने ढुशी दिली, आणि शेजारची बायजाकाकी तर अजून शपथेवर सांगते की त्याला कुणीतरी ढकललं आणि ते कुणीतरी माणूस नव्हतं. यातलं काहीही झालं नाही. भातकापणी उरकली होती, झोडणीसाठी ठमाबाई अंगणातलं खळं शेणाने सारवत होती, आणि रावजीचं बिडीचं बंडल त्यानेच ठेवलेल्या जागी, म्हणजे नेमकं खळ्याच्या मधोमध पडलेलं होतं. शेणाचा हात त्यावरून गेला. एवढंच निमित्त.

त्याने सरपणातलं दांडकं उचललं आणि तिची आयमाय उद्धरत ओल्या खळ्यावरून धावत आला. सत्तरी उलटलेल्या माणसाने ओल्या शेणावरून धावू नये, पण रागाला कुठलं आलंय वय. दांडकं तिच्या खांद्याला चाटून गेलं, त्याचे पाय वर गेले आणि तो कुशीवर असा आदळला की खुब्यातून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मग तो ओरडायला लागला. ठमाबाई शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज मार नाही.

वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटात. तरणीताठी माणसं मुंबईला, निम्म्या घरांना कुलपं, आणि उरलेली म्हातारी एकमेकांच्या घरातलं सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात पटाईत. रावजी बायकोला मारतो यात त्यांना सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्याने तिला बैलाच्या कासऱ्याने मारलं होतं, चुलीतल्या जळत्या लाकडाने मारलं होतं, एकदा वरवंटा फेकून पायाचं बोट चेचलं होतं. मुलगा महिपत मध्ये पडला तेव्हा त्याला पडवीच्या खांबाला बांधून इतका बडवला की पोराच्या कानातून रक्त आलं. त्या कानाने महिपतला आजही कमी ऐकू येतं. मिसरूड फुटायच्या आत तो मुंबईला पळाला, आणि नंतर आला तो सणावारी, पाहुण्यासारखा.

ठमाबाई राहिली. का राहिली असं विचारणाऱ्याने आधी जायचं कुठे ते सांगावं. तिने सगळं अंगावर झेललं, कारण तिचं अंग झेलत होतं. तिशीत असताना पाठ फोडून काढली तरी दुसऱ्या दिवशी ती लावणीच्या चिखलात वाकलेली असायची, आणि काळेनिळे वळ आठवड्याच्या आत निघून जायचे. गेल्या काही वर्षांत मात्र काहीतरी बिघडलं होतं. गणपतीत दंडावर बसलेला तडाखा दसऱ्याला हिरवापिवळा होऊन तिथेच होता. मनगट मुरगळलं ते सरळ व्हायला अख्खा पावसाळा गेला. मारणाऱ्याचा हात मात्र होता तसाच होता. आता एखादा फटका वर्मी बसला तर तो भरून येणार नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तिला मरायची भीती वाटत होती, आणि त्याच्या हातून मरायची फार जास्त.

महाडच्या एका हॉस्पिटलात रावजीच्या खुब्यात सळई बसवली. तिथे रोग्यांचा व्यायाम घ्यायला आम्रपाली नावाची मुलगी होती, बिरवाडीची. बाप एमआयडीसीत कामाला, मुलगी फिजिओथेरपी शिकून आलेली, बोलायला मऊ आणि कामाला कडक. तिने रावजीला लगेच वॉकर धरून उभं केलं. रावजीने तिला आईवरून शिवी दिली. तिने त्याला पुन्हा उभं केलं. ठमाबाईला ती पोर फार आवडली.

घरी सोडायच्या दिवशी आम्रपालीने ठमाबाईला बाकावर बसवून समजावलं. "आजी, हाड डॉक्टरांनी जोडलंय, पण अंगातली ताकद तुम्हाला परत आणायचीय. आपल्या स्नायूंच्या पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात. मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना. खाल्लेलं अन्न त्यात जळतं आणि त्याची ताकद होते. माणूस पडून राहिला की शरीराला वाटतं, कामच नाही तर भट्ट्या पेटत्या ठेवायच्या कशाला? मग एकेक विझायला लागते. तरुण माणसाच्या पटकन परत पेटतात. बाबांच्या वयात विझतात लवकर आणि पेटतात फार उशिरा."

"मंग पेटवायच्या कशा गो?"

"काम देऊन. खाटेवरून उठायचं, बसायचं, वॉकर धरून चालायचं, हा चेंडू हातात दाबायचा, रोज, दुखलं तरी. आणि खायला अंडी, मासळी, डाळ, दूध. म्हाताऱ्या स्नायूला हे तरुणापेक्षा जास्त लागतं, नाहीतर तो जागाच होत नाही." मग तिने आवाज जरा चढवला. "तुमच्याकडे आजारी माणसाला नुसती पेज पाजून झोपवून ठेवतात ना, ते मात्र करायचं नाही. पडून राहिलेलं शरीर पेजेवर ठेवलं की ते स्वतःचंच मांस खातं."

ठमाबाईने मान वर केली. "सोताचाच?"

"स्वतःचंच. आधी मांड्या जातात, मग दंड, मग हाताची पकड."

"पकड पन जाते?"

"जाते. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही."

बोलता बोलता आम्रपालीची नजर तिच्या दंडावर गेली. पदर सरकला होता आणि दंडावर बोटांचे पिवळे ठसे होते. आम्रपालीने तो दंड हलकेच चाचपला. "तुमचे स्नायू अजून चांगले आहेत आजी. पाणी वाहता, लाकडं वाहता म्हणून. पण कातडी पातळ झालीय, आतली दुरुस्ती मंदावलीय. या वयात मार भरून निघत नाही हो." ती आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात आतून रावजीने ठमाबाईच्या नावाने बोंब ठोकली आणि ठमाबाई उठली.

घरी आल्यावर तिने त्याला पेज दिली.

हे तिने मुद्दाम केलं. बाई बिचारी अडाणी, तिला काय कळतंय, असं म्हणून यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. तिला सगळं कळलं होतं. सकाळी तांदळाची पातळ पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज, वर मिठाची कणी. आणि गंमत अशी की तिला कुणापासून काही लपवावं लागलं नाही. टाक्यांवर डाळ खाल्ली की पू होतो, अंडं खाल्लं की उष्णता होते, मासळी खाल्ली की जखम चिघळते, हे त्या वाडीत शेंबड्या पोराला ठाऊक. मोडक्या हाडाचा माणूस जितका निपचित पडेल तितकं चांगलं, हेही ठाऊक. मायेने पेज पाजून पाजून तिथे कितीतरी माणसं झिजवून मारलेली आहेत. ठमाबाईने त्यातली माया तेवढी काढून घेतली.

"चार कोंबड्या हायत घरात," रावजी ओरडायचा. "अंडी कुटं जातात? वशाट दे मला, मासळी तरी दे."

"टाकं चिघळतील," ठमाबाई सांगायची.

दारातून बायजाकाकी तिची बाजू घ्यायची. "भावजी, जखम भरू द्या, मंग खावा काय खायचा तो. ठमा किती करते तुमचा! असा करणारा मानूस मिलायला नशीब लागतो."

अंडी ठमाबाई खात होती. चुलीपुढे बसून, उकडून, मीठ लावून, निवांत. इतकी वर्षं कोंबड्या पाळल्या, पण पूर्ण अंडं तिच्या ताटात कधी पडलं नव्हतं. भाकऱ्या झाल्या की ती रावजीचा रबरी चेंडू घेऊन दाबत बसायची, आणि खांबाला धरून बसणं-उठणं करायची, त्या पोरीने रावजीला सांगितलं होतं अगदी तसं. कधीकधी तिला हसू फुटायचं. मग ती पदर तोंडात कोंबायची.

रावजीनेही तिला हवी तशी साथ दिली. उठलं की दुखायचं, आणि पडून राहिलं की बायको तोंडाशी तांब्या धरायची. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माणसाला यापेक्षा आणखी काय पाहिजे? त्याने वॉकरला हात लावला नाही. वॉकरवर ठमाबाईची लुगडी वाळत पडली.

मारत मात्र तो होताच. पाठीखाली हात घालून त्याला उठवायला ती वाकली की तो तिचे केस मुठीत धरायचा आणि डोकं खाटेच्या लाकडावर आपटायचा. एकदा पेज गरम लागली म्हणून त्याने काशाची थाळी तिच्या तोंडावर फेकली. भुवई फाटली, रक्ताची धार गालावरून उतरली आणि हातातल्या वाडग्यात पडली. तिने पेज चमच्याने ढवळली आणि त्यालाच भरवली. तो शिव्या देत देत ती प्यायला.

पुढे तर ती मुद्दाम आपलं मनगट त्याच्या हाताशी न्यायला लागली. तो पकडायचा, पिरगळायचा, नखं रुतवायचा. ती आवाज न करता वाट बघायची आणि मग बाहेर उजेडात जाऊन मनगट बघायची. पहिल्यांदा काळं पडायचं. मग नुसतं लाल व्हायला लागलं. थंडी वाढली, रावजीच्या मांड्या दंडाएवढ्या झाल्या, दंड मनगटाएवढे झाले, आणि एका सकाळी त्याने दात खाऊन पिरगळलेलं मनगट तिने उजेडात धरलं तर त्यावर काहीच नव्हतं.

त्या आठवड्यात रावजीने बायजाकाकीकडून अडकित्ता मागून घेतला. म्हणाला, सुपारी कातरायची आहे. त्या साध्या बाईने दिला. ठमाबाई दुपारी त्याची कूस बदलायला वाकली तेव्हा त्याने घोंगडीखालून हात काढला आणि तो लोखंडी अडकित्ता तिच्या कानशिलावर हाणला.

मारताना त्याचा चेहरा तिने बघितला. तो मारायला नव्हे, संपवायला निघाला होता. पूर्वीचा हात असता तर कवटी फुटली असती. अडकित्ता लागला, सोलटलं, कानात शिटी वाजली, आणि बस. रावजीने पुन्हा उगारला. तिने तो हात वरच्या वर पकडला. आणि दाबला. तो चेंडू दाबायची तसा, हळूहळू, पूर्ण. त्याची बोटं एकेक करून उघडली, अडकित्ता जमिनीवर पडला, आणि रावजीच्या तोंडून जो आवाज आला तो तिने आजवर फक्त स्वतःच्या तोंडून ऐकला होता.

"सोड," तो म्हणाला. "सोड गो."

"तू सोडलास कदी?" ठमाबाई म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं. तो शब्द तोंडातून सुटला आणि त्याच्या मागोमाग हात सुटला. तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याची मान आत हाड नसल्यासारखी एका बाजूला गेली. तिने दुसऱ्या बाजूने मारली. मग मोजायच्या भानगडीत ती पडली नाही. दोन्ही हातांनी, मुठींनी, खाटेवर गुडघा टेकून तिने त्याला कुटला. कासऱ्याचे कुटले, जळत्या लाकडाचे कुटले, महिपतच्या कानाचे कुटले. थांबली ती दम लागला म्हणून, दया आली म्हणून नव्हे.

तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. रात्री तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मारलं. कारण काही नव्हतं; खरं तर होतं, पेज सांडली, पण ती तिच्याच हातून सांडली होती. तिसऱ्या दिवशी पेजही सांडली नाही. ती कपड्याखालच्या जागा निवडायची, पाठ, खांद्याचा फरा, मांडी. हे तिला शिकवायला कुणी नको होतं. रावजी आधी आधी ओरडला. वाडीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, सवयीप्रमाणे. मग तो ओरडेनासा झाला. ती घरात आली की तो डोळे मिटून घ्यायचा आणि पापण्यांखाली बुबुळं फिरत राहायची. त्याच्या अंगावर उठलेले काळे डाग जात नव्हते. नुसते पसरत होते.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी तिने त्याची उशी बदलायला काढली. नवीन अभ्रा घातला, आणि उशी डोक्याखाली सारायच्या ऐवजी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. रावजीने डोळे उघडले. त्याला कळलं. तिलाही कळलं की त्याला कळलंय. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कोंबडी कलकलली आणि ठमाबाई भानावर आली. ती उशी घेऊन पडवीत येऊन बसली आणि तिला रडू कोसळलं. त्याची भीती तिला आयुष्यभर वाटली होती. स्वतःची भीती तिला पहिल्यांदाच वाटत होती. त्याचा हात परत आला तर तो आपला जीव घेणार, आणि नाही आला तर आपण त्याचा घेणार, हे तिला इतकं लख्ख दिसलं की ती तशीच उठली आणि बायजाकाकीच्या मोबाइलवरून तिने महिपतला फोन लावायला सांगितला.

"ये," ती म्हणाली. "आन् येताना महाडावरनं ती आम्रपाली पोर घेऊन ये. बिगर तिच्या येऊ नको."

रविवारी दोघं आली. गाडी खालच्या रस्त्याला ठेवून पायवाटेने चढून आली. बायजाकाकी पाणी घेऊन आधीच हजर. "महिपत, तुजी आये म्हंजे साक्षात देवी बग," ती सांगत होती. "तोंडात घास देते, तांब्यासुदा उचलू देत नाय."

आम्रपालीने घोंगडी बाजूला केली. रावजीच्या मांडीभोवती तिच्या दोन हातांची बोटं सहज मिळाली. तिने त्याच्या हातात आपली दोन बोटं दिली. "दाबा बाबा." त्याने दाबली असावीत. तिला काही जाणवलं नाही. मग तिने त्याला कुशीवर वळवलं, सदरा वर केला, आणि तशीच थांबली.

"हे कशाने झालं?"

रावजीने उत्तर देण्याआधी ठमाबाईकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे, मग तिच्या हाताकडे. "खाटंवरनं पडलो," तो म्हणाला.

"खाटेवरून पडून पाठीवर बोटं उमटत नाहीत."

"पडलो गो बाय. पडलो मी."

"खोटा बोलतोय तो," ठमाबाई म्हणाली. "मी मारलाय त्येला."

बायजाकाकीच्या हातातला पाण्याचा तांब्या तिरपा झाला आणि सगळं पाणी महिपतच्या पायावर सांडलं.

"रोज मारते. अंडी पन मीच खाल्ली. तू सांगितलास तो सगळा ध्येनात होता माज्या. उटव म्हनालीस, मी निजवला. मांस खातं म्हनालीस, मी खाऊ दिला." तिने रावजीच्या डोक्याखालच्या उशीकडे बोट केलं. "परवा उशी घेतली होती हातात. मनून तुला बोलावलं."

आम्रपालीच्या चेहऱ्यावर राग होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "मी हे तुम्हाला त्यांना बरं करायला सांगितलं होतं आजी."

"ठाव हाय. पन बरा होऊन त्येनी काय केला असता, ता तू माज्या दंडावर बगितला होतास."

आम्रपालीने बघितलं होतं आणि विचारलं नव्हतं.

"आये," महिपत हळूच म्हणाला, "खोली लहान आहे गो माझी. पोरं आहेत..."

"त्येला हित ठेवशील तर एकाचा मुडदा पडंल," ठमाबाई म्हणाली. "त्यो उटला तर माजा. नाय उटला तर त्येचा. आता तूच काय तो इचार कर." तिने हे त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन सांगितलं, म्हणजे ऐकलं नाही म्हणायची सोय उरली नाही.

महिपतने बराच वेळ खांबाकडे बघितलं. मग तो उठला आणि बांबू शोधायला गेला. आम्रपालीने महाडला फोन लावला. तिच्या ओळखीच्या एका ठिकाणी रोग्यांना ठेवून घेत, खाऊ घालत, व्यायाम करवून घेत. तिथे ठेवायचं, चालायला लागला की महिपतने मुंबईला न्यायचं. "या वयात किती परत येईल ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण थोडं येईल."

घोंगडीची डोली केली. उचलायला चौघं हवीत. महिपत, पलीकडचा चंदू आणि त्याचा साठी उलटलेला भाऊ. चौथा सापडेना. जे पुरुष वाडीत होते त्यांना स्वतःचं धोतर सावरत नव्हतं. ठमाबाईने कासोटा घट्ट खोचला आणि बांबूच्या मागच्या टोकाखाली खांदा दिला.

"अगो बाई, असा काय करतेस?" बायजाकाकी कळवळली. "बायकांनी खांदा देऊ नये. मानूस जिता हाय गो!"

"जिता हाय मनून तर देते."

पायवाट उभ्या उताराची. चंदूचा भाऊ दोनदा थांबा म्हणाला. ठमाबाई थांबली नाही, थांबलो तर आपण परत वर घेऊन जाऊ अशी तिला धास्ती होती. रावजी डोलीत फारसा नव्हताच. नुसती हाडं आणि एक सळई. तरी ते ओझं तिला असं लागत होतं, जणू गेली सगळी वर्षं कुणीतरी बांबूला बांधून दिलीत.

रस्त्याला गाडी उभी होती. महिपतने बापाला मधल्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. ठमाबाई त्याच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दाराशी उभी होती. रावजीला तोल सावरायचा होता. वरची कडी धरायला त्याने हात वर केला.

हात वर गेला, आणि ठमाबाई मटकन खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, मान खांद्यांत, डोळे गच्च मिटलेले. गाठोडं रस्त्यावर पडलं.

तो हात कडीपर्यंत पोचलासुद्धा नाही. मध्येच थकून दाराच्या चौकटीवर पडला. सगळ्यांनी बघितलं. आम्रपालीने तोंड फिरवलं. रावजीला आधी समजलं नाही. मग समजलं. त्याचा चेहरा हळूहळू पसरला आणि अर्धे दात गेलेल्या तोंडाने तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

"अजून हाय," तो म्हणाला.

ठमाबाई उठली. गुडघ्यांची धूळ झटकली. गाठोडं उचलून त्याच्या पायाशी कोंबलं. मग चौकटीवर पडलेला त्याचा हात तिने मनगटाला धरून उचलला. त्याचं हसू तिथेच मावळलं आणि तो डोळे मिटून वाट बघत राहिला. तिला ते मनगट हातात कळत होतं. किती जोर लावला तर मोडेल तेही कळत होतं. महिपत एक पाऊल पुढे झाला.

तिने तो हात त्याच्या मांडीवर नेऊन ठेवला. बोटं दारात अडकत नाहीत ना, ते वाकून बघितलं आणि दार लावून घेतलं.